हलवायाच्या बाटलीतला शोध : बंद डब्यातील अन्नाची कल्पना कोठून आली?

१/ बंद डब्यातील अन्नाचा शोध नेपोलियनच्या बक्षिसामुळे लागला, असे सर्रास सांगितले जाते. १७९५ साली त्याने ते जाहीर केले म्हणे. परंतु त्या वर्षी नेपोलियन फ्रान्सचा सत्ताधीश नव्हताच! मग ही कल्पना आली कोठून? #थ्रेड

२/ निकोला अपेर. जन्म १७४९, शॅम्पेन प्रांतातील शालाँ गावी, खानावळ चालवणाऱ्या कुटुंबात. पुढे पॅरिसमध्ये त्याने मिठाईचे दुकान थाटले. विज्ञानाचे औपचारिक शिक्षण नाही. गाठीशी होता तो स्वयंपाकघराचा आणि साखरपाकाचा अनुभव.

३/ साखरेत मुरवलेली फळे टिकतात, हे प्रत्येक हलवायाला ठाऊक होते. पण साखर, मीठ आणि व्हिनेगर पदार्थाची मूळ चव झाकून टाकतात. अपेरला हिवाळ्यातही मटार मटारासारखाच लागायला हवा होता. त्याच्या प्रयोगांचे मूळ या असमाधानात आहे.

४/ पात्र सुचले ते जन्मभूमीतून : फेसाळत्या मद्याचा दाब सोसणारी शॅम्पेनची जाड बाटली. तोंड तेवढे रुंद करवून घेतले. पदार्थ भरायचा, बूच ठोकून तारेने आवळायचे, बाटली कापडी पिशवीत घालून पाण्यात उकळायची.

५/ पदार्थ टिकतो का? अपेरला सांगता येत नव्हते. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८१० मध्ये ऑक्सिजनचा अभाव हे कारण दिले. ते अपुरे ठरले. उष्णतेने सूक्ष्मजीव मरतात, हा उलगडा पाश्चर यांच्या १८६० च्या दशकातील संशोधनाने झाला. कृती आधी, उपपत्ती अर्ध्या शतकानंतर.

६/ १८१० मध्ये फ्रेंच सरकारने अपेरला १२,००० फ्रँक दिले. अट एकच : कृती ग्रंथरूपाने सर्वांसाठी खुली करावी. त्याने ती केली. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने अशाच पद्धतीचे पेटंट घेतले. कल्पना परदेशस्थ व्यक्तीकडून मिळाल्याची नोंद त्या पेटंटातच आहे. त्यात काचेसोबत कथिलाचा मुलामा दिलेले डबेही होते; १८१३ पासून डॉन्किन आणि हॉल यांच्या कारखान्यातून असे डबे ब्रिटिश नौदलाला जाऊ लागले.

७/ अपेरचा मासी येथील कारखाना १८१४ मध्ये आक्रमक सैन्यांच्या हाती उद्ध्वस्त झाला. १८४१ साली तो दारिद्र्यात मरण पावला. बक्षिसाच्या दंतकथेत श्रेय सम्राटाला मिळते. साधनांचा माग काढला, तर ते एका हलवायाच्या चुलीपाशी पोहोचते.