‘उद्यापासून येऊ नकोस’ या वाक्याविरुद्धचा कायदा

‘नोकरी देणारा मालक, मग काढण्याचा हक्कही त्याचाच’ हे वाक्य हल्ली आपल्या शिकलेल्या तरुणांच्या तोंडूनही ऐकू येते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावकीची कामे करताना ‘का?’ एवढे विचारण्याची सोय नव्हती, त्यांच्या नातवंडांनी हे बोलावे याचे आम्हाला वाईट वाटते. कारण कामावरून काढताना मालकाला ‘का?’ विचारण्याचा अधिकार फुकट मिळालेला नाही. त्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासात बाबासाहेब आहेत.

मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. त्याची मर्जी असेल तोवर काम, नाहीतर ‘बदली’ म्हणून रोज सकाळी गेटवर उभे राहायचे. अस्पृश्य कामगाराची अवस्था याहून वाईट होती. जास्त मजुरीचे साचे खाते, म्हणजे कापड विणण्याचे खाते, त्याला बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. जिथे कामावर घेतानाच जात पाहिली जाते, तिथे काढताना ती पाहिली जाणार नाही असे कोण म्हणेल?

1928 च्या सहा महिन्यांच्या संपात मालकांचे ‘स्थायी आदेश’, म्हणजे गिरणीची नियमावली, हा भांडणाचा एक मुद्दा होता. संपानंतर फॉसेट समितीने ती तपासली. नियम मालकाने एकट्याने लिहायचे की नाही, हा तेव्हाचा प्रश्न होता. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, ते याच अनुभवातून.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल 1946 मध्ये, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला (महाराष्ट्रात पुढे ही मर्यादा पन्नास झाली) नोकरीच्या अटी लिहून सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक झाले. गैरवर्तन कशाला म्हणायचे, निलंबन आणि बडतर्फी कशी करायची, दाद कुठे मागायची, हे कागदावर आले. चोरी, लाचखोरी, हेतुपुरस्सर आज्ञाभंग, रजेशिवाय दीर्घ गैरहजेरी ही कारणे ठरली. ‘साहेबांना तोंड आवडत नाही’ हे कारण त्या यादीत नाही.

सरकारी सेवकांसाठी संविधानाचे कलम 311 आले. नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याला सेवकाला बडतर्फ करता येत नाही. आरोप सांगितल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय तर नाहीच. 1957 मध्ये खेमचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या संधीचा अर्थ उलगडला : आरोप नाकारणे, साक्षीदारांची उलटतपासणी घेणे, स्वतःचे साक्षीदार आणणे. ही भिंत पुढे थोडी खचली. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षेविरुद्ध म्हणणे मांडण्याची दुसरी संधी काढून घेतली. चौकशीच न करण्याचे अपवाद कलमात आधीपासून होते, त्यांना 1985 च्या तुलसीराम पटेल निकालाने बळ दिले.

उद्योगातल्या कामगारासाठी मात्र काही दारे उघडली. 1965 पासून एकट्या कामगाराची बडतर्फीही ‘औद्योगिक विवाद’ ठरते, युनियनचा पाठिंबा नसला तरी. 1971 च्या कलम 11-अ मुळे शिक्षा जबर वाटल्यास कामगार न्यायालयाला ती बदलता येऊ लागली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या कायद्याने सूडापोटी, खोट्या आरोपावर किंवा नैसर्गिक न्याय डावलून घाईघाईत काढणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. निलंबित कामगाराला पहिले 90 दिवस निम्मा निर्वाह भत्ता आणि त्यानंतरही चौकशी लांबली आणि ती कामगाराच्या वागण्यामुळे रखडलेली नसेल तर पाऊण, हे 1982 च्या दुरुस्तीने आले.

मग आपल्या वस्तीतल्या सफाई कामगाराला यातले काय मिळते? बहुतेक वेळा काहीच नाही. त्याला बडतर्फ करावेच लागत नाही. कंत्राट संपते, ठेकेदार बदलतो आणि नव्या यादीत त्याचे नाव नसते. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, सहीचा कागद नाही. जुना जॉबर नव्या नावाने परत आला आहे. त्यात 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेली. लहान कारखान्यांत आपलीच माणसे जास्त आहेत, हे आम्ही रोज पाहतो.

‘चोराला कशाला चौकशी?’ असे कुणी विचारेल. चोर कोण, हे ठरवण्यासाठीच चौकशी असते. चौकशीआधीच गुन्हेगार ठरवण्याची रीत कुणाच्या वाट्याला आली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून बांधवांनो, नेमणूकपत्र मागा, हजेरीची आणि पगाराची नोंद जपा, ओळखपत्राची प्रत घरी ठेवा. कोऱ्या कागदावर आणि राजीनाम्यावर दबावाखाली सही करू नका. तोंडी काढले तर लेखी विचारा, कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या आणि मुदत चुकवू नका. एकट्याने जाऊ नका, संघटनेने जा. बाबासाहेबांनी ‘का?’ विचारण्याची जागा कायद्यात करून ठेवली आहे. ती रिकामी ठेवली, तर ती बुजवायला लोक टपलेलेच आहेत.

जय भीम!