खोक्याला उत्तर देणारं गाव

साल १९५६, मार्च महिना. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तुम्ही माजघरात सतरंजीवर बसला आहात. मागच्या अंगणात कुणीतरी बंबात ढलप्या सारतंय. समोर फडताळावर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला मर्फीचा रेडिओ आहे. घरचे काका रुमाल उचलतात, घडी घालतात आणि बटण फिरवतात.

लगेच काही ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह तापायला हवेत. आधी काचेमागे पिवळा उजेड येतो, मग खरखर आणि मग तंबोऱ्यावर व्हायोलिनची आकाशवाणीची ती धून. ती बांधली वॉल्टर कॉफमन यांनी, हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेल्या एका ज्यू संगीतकारानं. इथे मात्र ती ऐकून काकू चहाचं आधण ठेवतात. पुणे केंद्र जेमतेम अडीच वर्षांचं आहे, २ ऑक्टोबर १९५३ चं. तरी घराचं घड्याळ त्याच्यावरच लागलेलं.

बातम्या सुरू झाल्या की बोलायचं नाही, हा इथला नियम. शाळेची वेळ झालेला मुलगासुद्धा चहाचा भुरका मारत नाही. दिल्लीहून मराठीत बातम्या येतात आणि काकांच्या कपाळावर आठी चढते. दोनच महिने झालेत. १६ जानेवारीला याच खोक्यातून पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्र सरकारच्या ताब्यात जाणार असल्याचं जाहीर केलं होतं. काकांनी तेव्हा बटण खाडकन बंद केलं. पण बोलणाऱ्याला त्याचं काय? तो दिल्लीत बोलून मोकळा, आणि मुंबईत रस्ते पेटले. रेडिओला उत्तर देता येत नाही, हे काकांना त्या रात्री कळलं.

बातम्यांमागून एका प्राध्यापकांचं भाषण लागतं. लिहून आणलेलं, तोलून मापून वाचलेलं. पान उलटल्याची हलकी कुरकुर तुम्हाला स्पष्ट ऐकू येते. शेजारच्या खोलीतला कॉलेजकुमार वैतागतो. नभोवाणीमंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केल्यापासून तो बुधवारची वाट पाहतो. बुधवारी रात्री काटा रेडिओ सिलोनवर जातो आणि अमीन सयानी बोलू लागतात. काकूंचा वार शुक्रवार. त्या दिवशी सकाळी ‘गीतरामायण’ असतं, गेल्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक नवं गीत.

दुपारी बायकांचा कार्यक्रम. काकू निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवून पाठकोऱ्या कागदावर कसलीशी कृती उतरवून घेतात. सांगणारी बाई भरभर बोलते, एक जिन्नस निसटतो. “परत सांगा की हो!” काकू रेडिओला म्हणतात आणि स्वतःच हसतात.

आता उठा, एस.टी. धरा. दिवेघाट चढून सासवडच्या पुढे उतराल तेव्हा ऊन कललेलं असेल. रानात ज्वारीची खळी लागलेली आहेत, भुसा अंगाला चिकटतोय. गावात वीज नाही. चावडीत कंदील, आणि त्याच्या शेजारी बॅटरीवर चालणारा रेडिओ. समोर घोंगड्यावर गावच्या रेडिओ मंडळाची वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. देवळाच्या भिंतीआड बायका उभ्या आहेत. सेक्रेटरीच्या वहीत त्यांची नावं नाहीत, पण कान इकडेच आहेत.

हा युनेस्कोच्या मदतीनं चाललेला प्रयोग आहे. पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची. पण पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर नोकरीला आहेत, तेव्हा गावाशी गावाच्या भाषेत कसं बोलायचं हे तिथे कुणी परदेशातून शिकवायला नको.

आजचा विषय उंदीर. कणगीतलं किती धान्य उंदीर खातात, ते कसे वाढतात, औषध कसं ठेवायचं. तुम्ही ऐकताय तशी सगळी चावडी ऐकते. अर्धा तास संपतो आणि सेक्रेटरी बटण बंद करतो. तुम्ही उठायला जाता. थांबा, खरा कार्यक्रम आता सुरू होतोय.

“औषध सांगितलं, पर ते मिळतंय कुठं?” कोपऱ्यातून आवाज येतो.

“आन् पेवातल्या धान्याचं काय? त्यो कणगीचंच सांगत बसला.”

“पोरंबाळं हायेत घरात. इखार ठिवायचा म्हंजे?”

एक म्हातारा म्हणतो, “मांजर पाळा की लेको.” चावडी हसते. भिंतीआडूनही हसू येतं.

“लिवा सेक्रेटरी,” पाटील म्हणतात. सेक्रेटरी कंदील जवळ ओढतो, टाक दौतीत बुडवतो आणि तीन प्रश्न लिहितो. मांजराचं तेवढं गाळतो. उद्याच्या टपालानं वहीतला कागद पुण्याला जाईल. गावोगावच्या अशा शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं मिळतात. काकांना जानेवारीत जमलं नाही, काकूंना दुपारी जमलं नाही, ते इथे एका टाकानं जमलं.

प्रयोगाची तपासणी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं केली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर त्यांनी गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले. जिथे मंडळ होतं तिथे माहिती ठळकपणे वाढली होती. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे वाढ जेमतेम होती. १९५९ मध्ये ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं. पुढे ट्रान्झिस्टर आला, खांद्याला लटकून बांधावर गेला आणि ज्याचा त्याचा झाला.

आता परत या. तुमच्या कानात दिवसभर कुणी ना कुणी बोलत असतंच. ते ऐकून झालं की बटण बंद करा आणि शेजारच्याला विचारा, “तुम्हाला पटलं का हो?” दीडशे गावांतलं शहाणपण त्या प्रश्नातून आलं होतं.