क्रूझ प्रवास : औपचारिक की अनौपचारिक?

आर. के. पुरम (नवी दिल्ली) : क्रूझसाठी दिल्लीकरांना आधी मुंबई, कोची किंवा चेन्नईसारखे बंदर गाठावे लागते. त्यामुळे आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतीतील कुटुंबाने बचत खर्चून तिकीट काढण्यापूर्वी भाड्याइतकेच जहाजावरील रिवाजही तपासणे हिताचे ठरते.

औपचारिक परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे २००४ मध्ये सेवेत आलेले क्यूनार्ड कंपनीचे ‘क्वीन मेरी २’. येथे खोलीच्या श्रेणीनुसार भोजनगृह ठरते. ‘गाला’ संध्याकाळी सहानंतर पुरुषांकडून डिनर जॅकेट किंवा गडद सूट अपेक्षित असतो. औपचारिक राष्ट्रीय पोशाखही मान्य असल्याने बंदगळा किंवा साडी चालू शकते. हा पोशाख टाळणाऱ्यांना बुफेसह मोजक्याच जागा खुल्या राहतात.

नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये जेवणाची ठरावीक वेळ आणि नेमून दिलेले टेबल यांना फाटा दिला. तेव्हापासून अनौपचारिक पद्धत रुळत गेली. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या ‘कॉर्डेलिया’च्या ‘एम्प्रेस’वरील वातावरणही मोकळे आहे. या सहलींची तिकीटविक्री आयआरसीटीसीनेही केली. भाड्यात मुख्य भोजनगृहांतील जेवण समाविष्ट असते, मद्याचे पैसे वेगळे पडतात.

लहान मुले, पथ्य पाळणारे ज्येष्ठ किंवा मर्यादित सामान असल्यास अनौपचारिक जहाज सोयीचे. नटूनथटून, निवांत जेवणाची हौस असल्यास औपचारिक जहाज निवडावे. मात्र पोशाखाचे नियम, जेवणाच्या वेळा आणि तिकीट रद्द करण्याच्या अटी आरक्षणापूर्वीच वाचाव्यात. जहाज सुटल्यावर निवड बदलता येत नाही.