चर्चचा आवाज पत्र्याच्या डब्यात: स्प्रिंग रिव्हर्बची गोष्ट

आजच्या भागात एका पत्र्याच्या डब्याची गोष्ट आहे. साधारण सतरा इंच लांब, आत दोन बारीक स्प्रिंगा आणि दोन्ही टोकांना एकेक कॉइल. बस, एवढंच. साठच्या दशकातला एखादा छोटा फेंडर गिटार ॲम्प मागून बघितला तर तळाशी रेक्झिनच्या पिशवीत हा डबा झोपलेला दिसतो. सर्फ म्युझिकच्या गिटारचा तो ओला, थेंब पडल्यासारखा आवाज याच डब्यातून येतो.

आधी एक गोंधळ दूर करू. शाळेच्या सहलीला विजापूरला गेलेल्यांनी गोल घुमटात टाळी वाजवून तीच टाळी पुन्हा पुन्हा ऐकली असेल. तो एको. गणपतीच्या मांडवात निवेदकाच्या आवाजाला लावतात, तोही एको. रिव्हर्ब वेगळा. दगडी देवळाच्या सभामंडपात घंटा वाजवली की आवाज विरत विरत जातो, पण त्याचे सुटे तुकडे ऐकू येत नाहीत. हजारो छोटे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळलेले असतात.

आता गंमत अशी की स्प्रिंगची ही युक्ती संगीतासाठी निघालीच नव्हती. ती निघाली टेलिफोनसाठी. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लांब पल्ल्याच्या फोन लाइनवर आवाजाला होणारा उशीर अभ्यासायचा होता. प्रयोगशाळेत शेकडो मैल तार कुठे ठेवणार? पण स्प्रिंगमधून लहर फार हळू जाते, म्हणून हातभर स्प्रिंगमध्ये लांबलचक लाइनची नक्कल करता येते. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेटवर्क मंद असताना ॲप कसं वागेल हे बघायला मुद्दाम लेटन्सी घालतो, अगदी तसंच.

ही युक्ती उचलली लॉरेन्स हॅमंडने. हा मूळचा मेकॅनिकल इंजिनियर. १९२८ मध्ये त्याने शिकागोजवळ विजेच्या घड्याळांची कंपनी काढली. घड्याळातली सिंक्रोनस मोटर वापरून त्याने पाइप नसलेला ऑर्गन बनवला आणि १९३५ मध्ये बाजारात आणला. स्वतःला वाजवता येत नव्हतं, बरं का. ऑर्गन खपला, पण घरी नेलेल्यांना तो कोरडा वाटायला लागला. साहजिक आहे. लोकांच्या कानात चर्चचा ऑर्गन होता आणि त्या आवाजाचा अर्धा भाग चर्चची इमारत पुरवते. गालिचा, पडदे आणि बुटकं छत असलेल्या दिवाणखान्यात ती कुठून आणायची? हॅमंडने बेलच्या स्प्रिंगा घेतल्या. पहिलं यंत्र जवळजवळ चार फूट उंच होतं, आणि काही स्प्रिंगा तेलाच्या नळ्यांत बुडवलेल्या होत्या. ऑर्गन हलवायचा म्हणजे तेल सांडण्याची धास्ती.

हे सगळं डब्यात बसवलं हॅमंडच्याच कंपनीतल्या ॲलन यंग या इंजिनियरने, १९६० च्या सुमारास. त्याला पुढे 'टाइप फोर' म्हणू लागले. मला याचं डिझाइन जाम आवडतं. आपल्याला वाटतं, स्प्रिंग पुढे-मागे ताणली जात असेल. तसं नाही. स्प्रिंगच्या टोकाला इवलासा चुंबक असतो. कॉइलमधून सिग्नल गेला की तो चुंबक जागच्या जागी पिळतो आणि ती पिळाची लहर दुसऱ्या टोकाला जाते. तिथला चुंबक हलतो, दुसऱ्या कॉइलमध्ये करंट तयार होतो, आणि उरलेली लहर परत फिरते. शिवाय प्रत्येक स्प्रिंग दोन तुकड्यांची असते, एक उजवीकडे वळलेला, दुसरा डावीकडे, म्हणजे बाहेरच्या धक्क्याचा परिणाम बराचसा रद्द होतो. दोन स्प्रिंगांचा उशीर मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, एकीचा ३३ मिलिसेकंद आणि दुसरीचा ४१. प्रतिध्वनी एकमेकांवर नेमके पडत नाहीत आणि कानाला शिडी चढल्यासारखं वाटत नाही.

इथे येतात लिओ फेंडर. १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. यांनाही गिटार वाजवता येत नव्हती! १९६१ मध्ये फेंडरने हॅमंडचा डबा घालून वेगळी रिव्हर्बची पेटी काढली. डिक डेल या गिटारिस्टला ती मुळात गाण्यासाठी, गळ्याच्या आवाजासाठी हवी होती. नंतर त्याने तीत गिटार लावली आणि सर्फ म्युझिकवाल्यांनी ती पेटी डोक्यावर घेतली. फेंडरने ॲम्पमध्ये रिव्हर्ब पहिल्यांदा घातला असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, ते चूक आहे. अँपेगचा रिव्हर्बरॉकेट १९६१ मध्येच आला होता. फेंडरचा स्वतःचा पहिला रिव्हर्बवाला ॲम्प म्हणजे १९६३ चा व्हायब्रोव्हर्ब, आणि १९६४ मध्ये आला माझा लाडका प्रिन्स्टन रिव्हर्ब: दहा इंची स्पीकर, दोन सिक्स-व्ही-सिक्स व्हॉल्व्ह, जेमतेम बारा वॉट.

आता माझं मत. चर्चची नक्कल म्हणून स्प्रिंग सपशेल नापास आहे. खऱ्या खोलीत सगळे स्वर एकाच वेगाने प्रवास करतात. स्प्रिंगमध्ये खालचे स्वर आधी पोचतात आणि वरचे मागून, त्यामुळे प्रत्येक प्रतिध्वनी चिवचिवल्यासारखा वर सरकतो. पाच हजार हर्ट्झच्या वरचं तर फारसं काही पोचतच नाही. पण गिटारला नेमकं हेच मानवलं. कॉम्प्युटरवर स्प्रिंग रिव्हर्बची नक्कल करणारे आता या चिवचिवाटाचीच गणितं मांडतात.

हे डबे बनवायचं कोण? हॅमंडची प्रतिस्पर्धी ओ. सी. इलेक्ट्रॉनिक्स नावाची कंपनी विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन गावात होती. तिच्या डब्यांवर छापलेलं असायचं की हा माल मिल्टनच्या सुंदर मुलींनी नियंत्रित हवेत बनवलाय. लोक याचे फोटो हसत हसत टाकतात. मला मात्र ते वाचून जरा टोचतं. केसासारखी तार गुंडाळून मण्याएवढा चुंबक नेमका बसवायचा, हे कौशल्याचं काम, आणि लेबलवर नोंद काय, तर रूपाची. फेंडरच्या फॅक्टरीतही वायरिंग मुख्यतः बायकाच करायच्या, त्यांत मेक्सिकन वंशाच्या पुष्कळ. तिथल्या बऱ्याच जुन्या ॲम्पच्या चॅसीत कागदी चिकटपट्टीवर त्या बाईचं पहिलं नाव लिहिलेलं सापडतं. फक्त पहिलं नाव. डाग कोणी दिला हे चॅसी उघडल्याशिवाय कळत नाही.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसला १३ दशलक्ष डॉलरला विकली गेली, आणि पुढे 'सीबीएसच्या आधीचा' हा शब्द ॲम्पच्या किमतीला जोडला गेला. पण साठच्या दशकाच्या शेवटी हे ॲम्प म्हणजे नुसते वापरलेले ॲम्प होते. बर्कलीत रँडल स्मिथने बॅरी मेल्टन या गिटारिस्टची गंमत करायला त्याचा छोटा प्रिन्स्टन आतून रिकामा करून त्यात मोठ्या बासमनचं सर्किट आणि बारा इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सँटानाने तो वाजवून बघितला, म्हणाला हा चिमुकला तर मस्त 'बूगी' करतो, आणि मेसा बूगी हे नाव त्यातून आलं. म्हणजे एका छोट्या ॲम्पची वाट लावली नसती, तर एक अख्खी परंपरा सुरूच झाली नसती. जुन्या वस्तूला हातच लावू नका म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाहीये. मित्राच्या काकांनी अमेरिकेहून परतताना आणलेला प्रिन्स्टन रिव्हर्ब गेले काही महिने माझ्या टेबलावर होता. आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर 'पीसी' असा शिक्का. १९५१ म्हणजे ए धरून मोजायचं, पी म्हणजे १९६६, आणि सी म्हणजे तिसरा महिना, मार्च. मित्र पुण्यात कार्यक्रम करतो, त्याला तो स्टेजवर न्यायचाय. त्याची यादी तयार होती: बारा इंची स्पीकर, मास्टर व्हॉल्यूम, आणि स्प्रिंगांत किती सिग्नल ढकलायचा त्याचं वेगळं बटण. शेवटच्या दोन्हींसाठी पुढच्या पट्टीला भोकं पाडावी लागतात.

मी म्हटलं, आधी तू जिवंत राहशील असं करू. कारण या ॲम्पला टू-पिन वायर होती. मेन्सच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत एक कॅपॅसिटर लावलेला, ज्याला लोक 'डेथ कॅप' म्हणतात. तो शॉर्ट झाला की मेन्स चॅसीवर, तिथून गिटारच्या तारांवर, आणि गायचा माइक ओठाला लागला की खेळ खलास. आपल्याकडे तर २३० व्होल्ट. बाजारातले स्वस्त स्टेप-डाउन बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे मेन्सपासून अलगता शून्य. तो कॅपॅसिटर काढला, थ्री-पिन वायर आणि पक्कं अर्थिंग केलं, आणि दोन वाइंडिंगचा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला. साठ हर्ट्झसाठी बनलेला आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या पन्नासवर जास्त तापतो, म्हणून ११७ ऐवजी ११० व्होल्टच दिले.

मग फिल्टर कॅपॅसिटर. चार सेक्शनचा एकच डबा, वाळून गेलेला. हे बंद ॲम्पमध्येही चारशे व्होल्टच्या वर चार्ज धरून बसू शकतात, तेव्हा आधी रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. आणि हे व्हिडिओ बघून शिकू नका, शेजारी कोणीतरी जाणता बसवा. लॅमिंग्टन रोडवरून नवीन कॅपॅसिटर आणले आणि खाली बसवले. जुना डबा वर तसाच ठेवलाय, रिकामा, शोभेला.

आणि चॅसीच्या कडेला ती चिकटपट्टी होतीच. नाव वाचता येत होतं. मित्र ते बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, भोकं राहू दे. स्पीकर बारा इंची नाही, दहाचाच पण जरा दमदार घातला. मास्टर व्हॉल्यूम नाही. स्प्रिंगचं बटण मात्र त्याला हवंच होतं, ते मागच्या बाजूला, जादा स्पीकरच्या जॅकच्या जागी बसवलं. जॅक, जुना स्पीकर, काढलेला प्रत्येक रेझिस्टर एका पिशवीत लेबल लावून ठेवलाय.

राहता राहिला रिव्हर्ब, तो मुका होता. मीटर लावला. इनपुट कॉइलला एक ओहमपेक्षा थोडं कमी यायला हवं, आलं. आउटपुटला दोनशेच्या आसपास हवं, तिथे काहीच नाही. कॉइल ठीक होती, तिथून सॉकेटला जाणारी केसाएवढी तार तुटली होती. भिंगाखाली एक डाग दिला आणि डबा बोलायला लागला. रेक्झिनची पिशवी मात्र पार भुगा झालेली. ती मित्राच्या आईने जुनी उसवून, मापं घेऊन, नवी शिवून दिली.