इंग्रजी प्रबंधात ‘एव्हिडन्स’ कसा वापरायचा? शब्दजोड्या का महत्त्वाच्या?

मराठीत पुरावा ‘सबळ’ असतो, ‘भक्कम’ असतो; ‘जड’ मात्र कधीच नसतो. आरोपी ‘पुराव्याअभावी’ सुटतो, ‘पुराव्याच्या टंचाईमुळे’ नाही. अशा सवयीने ठरलेल्या शब्दजोड्यांना इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी विसाव्या शतकात ही संज्ञा भाषाशास्त्रात रूढ केली.

जयसिंगपूर परिसरातील विद्यार्थी शिवाजी विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय अनेकदा घराजवळचाच घेतात. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमीन किंवा २०१९ चा महापूर. माहिती मराठीत गोळा होते, अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो, आणि अडचण तिथे येते.

पहिली चूक अनेकवचनाची. मराठीत ‘पुरावे’ म्हणतो म्हणून ‘एव्हिडन्सेस’ लिहिले जाते. शैक्षणिक इंग्रजीत हा शब्द एकवचनीच राहतो. सुटा पुरावा सांगायचा तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’. दुसरी चूक ‘पुरावा देणे’ची. ‘गिव्ह एव्हिडन्स’चा रूढ अर्थ न्यायालयात साक्ष देणे असा होतो. प्रबंधात ‘प्रोव्हाइड’ किंवा ‘प्रेझेंट’ लिहावे.

खरा पेच क्रियापदात आहे, कारण तिथे दाव्याचे वजन ठरते. समजा, एका गावातील वीस शेतांची माती तपासली आणि भरपूर पाणी दिलेल्या शेतांत क्षार जास्त निघाले. इथे ‘द एव्हिडन्स प्रूव्ह्ज’ लिहिले, तर परीक्षक लगेच विचारेल, निचऱ्याचे काय? ‘सजेस्ट्स’ म्हणजे तसा संकेत मिळतो. ‘शोज’ त्याहून ठाम. ‘प्रूव्ह्ज’ गणिताला शोभते, मातीच्या वीस नमुन्यांना नाही.

विशेषणेही अशीच. ‘स्ट्राँग’ म्हणजे भक्कम, ‘लिमिटेड’ म्हणजे तोकडा, ‘कन्फ्लिक्टिंग’ म्हणजे परस्परविरोधी. आजोबांच्या काळी ही जमीन सोन्यासारखी पिकायची, असे शेतकरी सांगतो. त्याला ‘अ‍ॅनेकडोटल एव्हिडन्स’ म्हणतात. ते खोटे ठरत नाही, फक्त मोजलेले नसते.

सर्वांत जपून वापरायची जोडी ‘नो एव्हिडन्स दॅट’. अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने शिरोळमध्ये पूर वाढतो का, हा जुना वाद आहे. ‘देअर इज नो एव्हिडन्स दॅट’ म्हणजे तसा पुरावा सापडलेला नाही, एवढेच. फुगवट्याचा परिणाम होतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास, वेगळा पुरावा लागतो. ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्यासाठी हा फरक शब्दांपुरता राहत नाही.

सरावासाठी कर्स्टन अकरमन आणि यू-हुआ चेन यांची ‘अकॅडेमिक कोलोकेशन लिस्ट’ उपयोगी पडते. शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या २,४६९ जोड्या तिच्यात आहेत. पाठ करण्याची गरज नाही. अहवालातील शंका वाटणारी जोडी तिथे किंवा ‘ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी’त पडताळून पाहावी.