वृद्धांचे पडणे व चालतेपण (घनसावंगी तालुका)

वृद्धांचे पडणे : उठता-बसता किंवा चालताना तोल जाऊन नकळत जमिनीवर येणे. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अपघाती मृत्यूंत रस्ते अपघातांखालोखाल याचाच क्रमांक लागतो. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा वर्षातून एकदा तरी पडतो. खेड्यात मात्र ‘पाय घसरला’ एवढ्यावर विषय मिटतो आणि माणूस पुढे अंथरुणाला खिळला तर दोष वयाला दिला जातो. पडणे बहुतेक वेळा टाळता येते. या नोंदीचा विषय तेवढाच.

घनसावंगी हा जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, गोदाकाठचा तालुका. कापूस, ऊस, मोसंबी ही इथली पिके. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथले अनेक ‘कोयते’, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एवढे महिने घरी उरतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. पाणी भरणे, शेळीला पाला टाकणे, पोरांचे खाणेपिणे सगळे सत्तरीच्या बाईवर येते. ती पडली तर उचलायला जवळ कोणी नसते. तासाहून अधिक वेळ तसेच जमिनीवर पडून राहिल्याने होणारे नुकसान कधी कधी मुक्या माराहूनही मोठे असते.

पडण्याची जागा बहुधा शेत किंवा बांध नसतो, घरच असते. रात्री दोनचा सुमार. बाजेची वीण सैल पडून झोळ आलेला, त्यातून उठायचे म्हणजे निम्मे बळ तिथेच खर्च. उशाला ठेवलेला चष्मा सापडत नाही. अंगठ्याच्या चपलेचा तळवा झिजून गुळगुळीत झालेला. उंबरठा, मग ओट्याची पायरी, मग अंगणातल्या शेळीचे दावे, आणि त्यापलीकडे संडास. लाइट गेलेली असतेच. १२ हजारांच्या अनुदानातून बांधलेल्या संडासात उकिडवे बसायचे भांडे असते, पण उठताना धरायला काही नसते. म्हणून हात दाराच्या कडीला जातो आणि दार आपल्याकडेच उघडते. न्हाणीत शेवाळ आणि साबणाचे पाणी. शेणाने सारवलेली जमीन पाय धरायची. आता नव्या घरात ‘स्टाईल’ बसते, म्हणजे चकचकीत फरशी. ती ओली झाली की कोरड्या जागेसारखीच दिसते. पक्के घर म्हणजे सुरक्षित घर, हा समज निदान म्हाताऱ्या माणसांपुरता खरा नाही.

उपाय स्वस्तातले आहेत. भांड्याशेजारच्या भिंतीत घट्ट बसवलेला लोखंडी नळाचा तुकडा, न्हाणीत खरखरीत शहाबादी फरशी, उंबरठ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा, उशाशी बॅटरी, मागून पट्टा असलेली चप्पल. बाज आवळून ताठ करावी. बसल्यावर पाय पूर्ण टेकतील इतकीच ती उंच असावी.

दुसरी बाजू शरीराची. मोतीबिंदूने पायरीची कड दिसत नाही. मधुमेहात तळपायाची जाणीव बोथट होते. झोपेच्या गोळीची गुंगी रात्रीच्या उठण्याला बाधते. रक्तदाबाच्या गोळ्या किंवा अंगातले पाणी कमी होणे, यांमुळे उठताच दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा अधिक अंकांनी उतरला, तर गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये. एरवी आधी बाजेवर उठून बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. रात्री उठावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच कमी पिण्याची सवय इथल्या बायकांत सर्रास आढळते. मार्च-एप्रिलच्या उन्हात ती महागात पडते.

पडल्यावर एक पाय आखूड दिसला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले आणि पाय उचलताच येईना, तर खुब्याजवळचे मांडीचे हाड मोडले असे धरून चालावे. चोळणे, ओढणे, हाड बसवणाऱ्याकडे नेणे नको. फळीवर किंवा बाजेसकट हलवून जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते. ‘आता या वयात कशाला’ या विचारात गेलेला आठवडा फुप्फुसांना आणि पाठीवरच्या जखमांना भोवतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला, तर जखम दिसो न दिसो, तपासणी करावी.

हाड शाबूत राहिले तरी भीती बसते, आणि तिला घरच्यांची माया खतपाणी घालते. ‘आजी, तुम्ही बसूनच राहा’ म्हणणाऱ्या सुनेचा हेतू चांगला असतो, पण बसून राहिलेल्या पायांतला जोर लवकर ओसरतो आणि पुढचे पडणे जवळ येते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो व्यायामक्रमाने वृद्धांचे पडणे सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले आहे. त्यात अवजड काही नाही: आधार धरून टाचा उचलणे, रेषेवरून चालणे, हाताचा टेकू न घेता उठणे-बसणे. तोल पाहायची सोपी चाचणी घरच्या घरी होते. खुर्चीतून उठावे, तीन मीटर चालून वळावे, परत येऊन बसावे. १२ सेकंदांहून जास्त लागले तर लक्ष द्यायला हवे. जमिनीवर मांडी घालून जेवणारी आणि हातांवर भार न देता उठणारी पिढी हा व्यायाम नकळत करतच आली आहे. गुडघे साथ देत असतील तोवर ही सवय मोडू नये.

काठी घ्यायची लाज हा वेगळाच अडसर. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. त्यांच्या तसबिरीत हाताशी कुबडी असते. ती जपासाठी, हे खरे. पण तसबिरीला हात जोडणारे आजोबा स्वतः काठी घेतली की म्हातारे ठरू म्हणून भिंत धरून चालतात. हात खाली सोडला की मनगटाच्या वळीपर्यंत पोचेल, एवढी काठीची उंची असावी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. टोकाचे रबर झिजले की बदलावे. काळ्या मातीच्या पावसाळी चिखलात वॉकरची चाके मात्र रुतून बसतात.

मुख्यमंत्री वयोश्री योजना (२०२४) पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३ हजार रुपये देते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पण गाडीची पहिली पायरी गुडघ्याच्या आसपास येते, आणि पाय तेवढा उचलता न आल्याने सवलतीचा हक्क असूनही कुणी घरी बसते. घराच्या ओट्याची पायरी भिंत धरून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा चढ-उतर करणे हा त्याचा सराव आहे.