दिवाणखान्यातील रंगभूमी

मराठी रंगभूमीचा जन्म नाट्यगृहात झाला नाही. तो एका घरात झाला. ते घर संस्थानिकाचे होते, इतकेच. 1843 साली नोव्हेंबरच्या 5 तारखेस सांगलीच्या राजवाड्यात, श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या समक्ष, विष्णु अमृत भावे यांनी 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला. तो दिवस महाराष्ट्र आजही रंगभूमिदिन म्हणून पाळतो. त्या निमित्ताने कर्त्याचे स्मरण होते, आश्रयदात्याचे होते, आख्यानाचेही होते; ज्या जागेत तो खेळ झाला त्या जागेकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. खेळास जशी नटांची तशी जागेचीही गरज असते, आणि जागा ही मुकी वस्तू नव्हे. ती ऐकते, परत बोलते, आणि कोणास आत घ्यावे व कोणास बाहेर ठेवावे हेही तीच ठरविते.

या विषयाकडे आम्ही वळलो त्यास कारण आजचे आहे. सांगलीच्या आसपास, विशेषतः माधवनगराच्या बाजूस, अलीकडे जे बंगले उठत आहेत त्यांत दोन मजल्यांची उंची एकत्र करून बांधलेला दिवाणखाना ही प्रतिष्ठेची खूण झाली आहे. आणि अशा दिवाणखान्यात भिंतभर पडदा, प्रोजेक्टर व पाच-सात स्पीकर बसवून 'होम थिएटर' करावे अशी यजमानांची हौस असते. या वस्तूस मराठी नाव शोधू लागावे तर 'नाटकशाळा' हा शब्द सहज ओठांवर येतो. परंतु पेशवाईच्या कागदपत्रांत त्या शब्दाचा जो अर्थ आढळतो तो लक्षात घेता कोणा गृहिणीस तो आपल्या दिवाणखान्यास लावलेला रुचेल असे वाटत नाही. तेव्हा 'घरची रंगभूमी' एवढ्यावरच आम्ही समाधान मानतो.

भाव्यांच्या खेळाचे मूळ प्रसिद्ध आहे. 1842 च्या सुमारास कानडी मुलखातील भागवत मंडळींचा खेळ सांगलीस झाला. तो आप्पासाहेबांनी पाहिला, आणि तसेच काही मराठीत, पण अधिक नीटनेटके, करून दाखवावे अशी आज्ञा त्यांनी आपल्या पदरच्या या तरुणास केली. त्यातून जे निपजले त्याचे रूप आजच्या नाटकाहून फार निराळे होते. सूत्रधार एका बाजूस झांज-मृदंगाच्या साथीत उभा राही आणि आख्यानातील सारी पदे तोच म्हणे. गणपती येई, सरस्वती येई, विदूषक थट्टा करी. मग देव, राजे आणि राक्षस आपापला प्रसंग अभिनयाने दाखवीत आणि मधले गद्य भाषण ऐनवेळी, आपल्या बुद्धीप्रमाणे बोलत. राक्षसांच्या आरोळ्यांवरून पुढे या खेळांस 'अललडुर्र' असे काहीसे तुच्छतेचे नाव मिळाले. इंग्रजी नाटके वाचलेल्या आमच्या वर्गाने त्या नावाचा उपयोग सढळ हाताने केला. परंतु हा सारा घाट कानाच्या दृष्टीने पाहू गेल्यास अडाणी वाटत नाही. कथेचा भार सावकाश, तालात गायिलेल्या पदांवर; बोलणे थोडके; आरोळी अर्थशून्य, म्हणून ती घुमली तरी हरकत नाही. मोठ्या बंदिस्त जागेत शब्द पोहोचविण्याची ही एक चांगली युक्तीच होती असा आमचा तर्क आहे. तर्क म्हणण्याचे कारण असे की, भाव्यांनी तो हेतू मनात धरला होता असे सांगण्यास आमच्यापाशी पुरावा नाही.

आता जागा. मराठी वाड्याचा दिवाणखाना कसा असे हे सांगलीकरांस सांगावयास नको. जाड मातीच्या किंवा विटांच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि तक्तपोशी, खाली जाजम, त्यावर गाद्या, लोड, तक्के, गिरद्या. दारांना जाड पडदे, सज्जाला चिकाचे पडदे, आणि समारंभाच्या दिवशी तक्तपोशीखाली ताणून बांधलेले कापडी छत. हे सारे आपण आजवर ऐश्वर्य म्हणून पाहत आलो. त्याचे शास्त्र मात्र सातासमुद्रांपलीकडे निघाले, आणि गंमत अशी की तेही गाद्यांवरूनच निघाले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह 1895 साली नवे बांधून झाले आणि त्यात वक्त्याचा एक शब्द समजेल तर शपथ, अशी स्थिती झाली. हा दोष काढण्याचे काम वॉलेस सेबिन नावाच्या तरुण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाकडे आले. त्याने ऑर्गनची एक नळी वाजवून ती थांबविल्यावर उरलेला नाद किती वेळ ऐकू येतो हे मोजले. रिकाम्या दालनात तो सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. म्हणजे वक्त्याच्या एका वाक्याचे शेपूट पुढच्या वाक्यांच्या गळ्यात अडकत असे. मग सेबिनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांवरच्या गाद्या रात्री मदतनिसांकरवी उचलून आणाव्या, थोड्याथोड्या मांडून दर खेपेस नाद मोजावा, आणि सकाळच्या आत त्या जागच्या जागी नेऊन ठेवाव्या, असा क्रम चालविला. रात्रींमागून रात्री गाद्या वाहून त्याच्या हाती जो नियम लागला तो आजही बांधकामविद्येत चालतो: दालनाचे घनफळ जितके मोठे तितका नाद अधिक रेंगाळतो, आणि आतील पृष्ठभाग नाद जितका शोषतील तितका तो लवकर विरतो. मीटरांत हिशेब केल्यास घनफळास 0.161 ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे, म्हणजे सेकंद निघतात. बोस्टनचे संगीतगृह 1900 साली या नियमाच्या आधाराने बांधले गेले.

नियमाचे दुसरे टोक पाहावयाचे असेल तर आपल्यास फार लांब जावे लागत नाही. विजापूरचा गोलघुमट आहे. महंमद आदिलशहाच्या त्या थडग्यात उघडा दगड, चुना आणि प्रचंड घुमट यांखेरीज नाद शोषणारे काही नाही. म्हणून तेथे सज्ज्यात केलेली कुजबुज समोरच्या बाजूस ऐकू येते आणि एक टाळी अनेक वेळा परत येते. यात्रेकरू त्यावर खूष होतात. परंतु त्या घुमटाखाली कोणी 'शारदा' लावून पाहावे!

नेमके तेच आज घरोघरी होऊ लागले आहे. माधवनगरातील आमच्या एका स्नेह्यांनी नवा दिवाणखाना बांधला. 9 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 6 मीटर उंच. भुईला चकचकीत टाईल, भिंतींना गुळगुळीत गिलावा, एका बाजूस वरपर्यंत काच. उत्तम यंत्रसामग्री आणूनही, आवाज पुष्कळ येतो पण पात्रे काय बोलतात ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आणि ते आवाज अधिकाधिक वाढवीत होते. आम्ही सेबिनचा हिशेब मांडून दाखविला. घनफळ 324 घनमीटर. भुई, छत आणि भिंती मिळून पृष्ठभाग 288 चौरस मीटर. टाईल, गिलावा आणि काच यांचे शोषण शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे सामान लावण्यापूर्वी नाद सुमारे 6 सेकंद रेंगाळणार. हार्वर्डच्या त्या बदनाम दालनासही यांनी मागे टाकले! बोललेला शब्द घरात स्वच्छ ऐकू यावा तर हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास यावा लागतो. आवाज वाढवून तो कमी होत नाही. कारण शब्द जितका मोठा होतो तितकेच त्याचे शेपूटही.

येथे उंच छताविषयीचा एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. छत उंच म्हणून तेथून प्रतिध्वनी येतो असे लोक समजतात. वस्तुतः सहा मीटरांवरच्या छताला लागून येणारा पहिला नाद मूळ नादाच्या मागोमाग, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही थोड्या अवधीत, पोहोचतो. इतक्या अल्प अंतराने आलेले दोन नाद कान एकच समजतो. उंचीचा खरा दोष घनफळात आहे. तेच दालन तीन मीटर उंच असते, तर भुईभर जाजम अंथरल्याने नाद सव्वा सेकंदावर आला असता. सहा मीटर उंचीत तेच जाजम अंथरून तो सव्वादोन सेकंदांपर्यंतच खाली येतो. उंची दुप्पट केली की कमी ठेंगण्या खोलीत पुरणारी बिछायत तोकडी पडू लागते. शिवाय रुंदी आणि उंची सारखी असल्याने खर्जाचा एकच सूर दोन दिशांनी फुगतो; सिनेमातील मेघगर्जना जरा झाली की तावदाने थरथरतात ती त्यामुळे.

उपाय जुनाच निघाला. छताखाली वीतभर अंतर सोडून खनिज लोकरीचे थर आणि त्याखाली कापड. भुईवर जाड जाजम. लांबीच्या एका भिंतीवर चुणीदार जाड पडदा. हिशेब केला तो नाद 0.6 सेकंदांच्या आत आला. यांपैकी एकही वस्तू अशी नव्हती की जी वाड्याच्या फडणिसास अपरिचित वाटली असती. खर्जासाठी कोपऱ्यांतून जाड थर उभे करावे लागले, तेवढे मात्र नवे. आणि तेथेही जुन्या तक्तपोशीची पातळ फळी, मागील पोकळीसह, थोडेफार तेच काम करी. पडदा लावताना मात्र यजमानांचा मोह आवरावा लागला. भिंत उंच म्हणून चित्रही उंच टांगावे असे त्यांच्या मनात होते. तसे केले असते तर देवळाचे शिखर पाहण्यासारखी मान करून तीन तास काढावे लागले असते.

येथवर कानाची आणि डोळ्याची गोष्ट झाली. घरच्या रंगभूमीचा दुसरा धर्म याहून नाजूक आहे: तेथे यजमान बोलावील तोच प्रेक्षक. सांगलीच्या त्या प्रयोगासही हेच लागू होते, आणि सांगलीच्याही पूर्वीच्या एका राजवाड्यास तर फारच. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके रचली; 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांपैकी एक. काळाने पाहिले तर अग्रमान त्यांचा. तंजावरच्या वाड्यात संगीतमहालही होता, रसिक राजे होते, नर्तक व गायक होते. पण ती नाटके वाड्यातच राहिली. हस्तलिखिते सरस्वतीमहालात जपून ठेवली गेली, आणि महाराष्ट्राच्या रंगभूमीस त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. जे घर त्यांस इतके मानवले त्या घराबाहेर पडण्याचे त्यांस प्रयोजनच उरले नाही.

सांगलीत निराळे घडले, आणि ते कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. 1851 साली आप्पासाहेब वारले. पुढच्या कारभारात भाव्यांस तो आश्रय राहिला नाही; मंडळी पोसण्याचा प्रश्न पडला, आणि राजवाड्यातील खेळ गाड्यांवर सामान लादून गावोगाव निघाला. 1853 साली भावे मुंबईस पोहोचले व ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ पैसे देऊन येणाऱ्या लोकांपुढे झाले. ज्यास निमंत्रण नाही असा मनुष्य तिकीट काढून प्रथमच मराठी नाटकाचा न्यायाधीश झाला. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, 1880 मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात उभे राहिले. तेथे गाणे सूत्रधाराच्या हातून निघून पात्रांच्या मुखी आले. 'शारदे'चे कर्ते देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, खाडिलकर खुद्द सांगलीचे. पण दोघांपैकी कोणीही दिवाणखान्यासाठी लिहिले नाही. आश्रय सुटला नसता तर सांगलीचे तंजावर झाले नसतेच असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? भाव्यांस मात्र त्या काळी हा विचार सुखाचा वाटला नसेल. ते 1901 साली सांगलीसच निवर्तले.

खेळ घरी परतला तो दुसऱ्याच वाटेने. 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठीला बोलका पडदा दिला. 1972 मध्ये मुंबईस दूरदर्शन सुरू झाले. आणि 1987 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या घरी आळी लोटली. दारे उघडी, चपलांचा ढीग ओसरीवर, सतरंजीवर मुलेबाळे आणि म्हातारीकोतारी दाटीवाटीने बसलेली. त्या लहानशा पेटीचा आवाज कितीसा असणार? पण शब्द सर्वांस समजत. भक्ती आणि शांतता यांस त्याचे श्रेय देऊच. परंतु बसलेला एक मनुष्य सुमारे अर्धा चौरस मीटर पूर्ण शोषणाइतका नाद गिळतो हेही खरे. चाळीस माणसे म्हणजे वीस चौरस मीटर. भुईभर अंथरलेल्या त्या जाजमाहूनही अधिक!

माधवनगरच्या दिवाणखान्यात आता प्रश्न उरला आहे तो बैठकीचा. यजमानांच्या मनात चामड्याच्या, मागे रेलणाऱ्या आठ खुर्च्या आहेत. त्यांची मागणीही ते नोंदविणार होते. आम्ही सुचविले की चारच खुर्च्या वडीलधाऱ्यांसाठी मागे ठेवाव्या आणि पुढची भुई लोडतक्के टाकून मोकळी सोडावी, म्हणजे आळीतील तीस-पस्तीस माणसे सहज बसतील आणि नादाचा हिशेबही सुधारेल. हिशेब त्यांस पटला. आळीविषयी ते घरात विचारून सांगणार आहेत.